धक्क्याची भिंत

देगलूरला रेल्वे येणार, असं मी मिसरूड फुटायच्या आधीपासून ऐकत आलोय. दर काही वर्षांनी मोजणीवाले येतात, रानात दगड रोवतात, आणि ते गेले की त्या दगडांवर पुढचे पाय ठेवून शेळ्या बाभळीचा पाला ओरबाडतात. त्यामुळं दत्तोपंतांच्या माडीवर रूळ पडलेले पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी म्हणालो होतो, "सरकारला नाही जमलं ते तुम्ही करून दाखवलं की, सर." आणि ते हसले होते. वरद गेल्यानंतर त्यांना हसताना मी तेवढंच पाहिलं, म्हणून ते लक्षात राहिलं.

"गेल्यानंतर" असं मी सहज लिहून गेलो. त्या घरात हा शब्द कुणी वापरत नसे.

माझं रंगाचं आणि हार्डवेअरचं दुकान आहे. शाळा सातवीत सुटली, पुढचं सगळं शिक्षण गल्ल्यावर बसून झालं, आणि गिऱ्हाईक काय मागतंय यावरून त्याच्या घरात काय चाललंय हे ओळखायची सवय लागली. पोरीचं लग्न ठरलं की डिस्टेंपर जातो. भावाभावांत बिनसलं की आधी कडीकोयंडे जातात आणि मग मधली भिंत घालायला सिमेंट. मुखेडचा एक म्हातारा दर उन्हाळ्यात येऊन एकाच खोलीपुरता रंग नेतो, आणि ती कोणती खोली, हे मी त्याला कधी विचारलेलं नाही. पण पंत जेव्हा हातभर सुतळी, सायकलची फाटकी ट्यूब, लाल ऑक्साइडची पुडी, थोडं प्लॅस्टर आणि फर्निचरवाले टेबलावर ओततात ते पारदर्शक रेझिन असलं एकमेकांशी काही नातं नसलेलं सामान मागायला लागले, तेव्हा मात्र मला त्यांच्या घरात काय चाललंय ते उमगेना. शेवटी मीच म्हणालो, "सर, एवढं काय बांधून राहिलात?"

"बंदर," ते म्हणाले.

पंत आमच्या गावच्या हायस्कुलात भूगोल शिकवायचे. अर्ध्या गावाला त्यांनी देशोदेशींची बंदरं पाठ करायला लावली असतील. त्यांचा एकुलता एक मुलगा वरद बोटीवर इंजिनियर झाला, तेव्हा गावानं त्यातही पंतांचंच कौतुक केलं. परदेशातल्या एका लहानशा बंदरात बोट लागलेली असताना तो संध्याकाळी खाली उतरला, आणि परत वर चढला नाही. धक्क्यावरच्या कॅमेऱ्यात तो दिसतो म्हणे. रुळांवर उभ्या मालगाडीच्या डब्यांना बाजूला ठेवून, हातात पिशवी घेऊन, बोटीच्या दिशेनं सावकाश चालत येणारा. मग कॅमेऱ्याची चौकट संपते. तिथल्या लोकांनी पाण्यात माणसं उतरवून शोधलं, काही सापडलं नाही. कंपनीनं त्याची बॅग पाठवली, आत कपडे घड्या घातलेले. कागदावर लिहिलं, बेपत्ता. त्याला आता काही वर्षं झाली.

त्या बंदराचे फोटो वरदनं बापाला मोबाइलवर पाठवले होते. बोटीच्या डेकवरून काढलेले, वरून खाली पाहणारे. "बाबा, इथं रूळ थेट पाण्यापर्यंत येतात," असं त्यानं खाली लिहिलं होतं. पंतांनी ते फोटो मोठे करून भिंतीला चिकटवले आणि त्यांच्याकडं बघत माडीभर प्लायवूड टाकून त्यावर ते बंदर उभं करायला घेतलं. गाडी त्यांनी कुठून तरी मागवली होती. वितीएवढं इंजिन, मागं मालाचे डबे आणि शेवटी प्रवाशांचा एकच डबा. पण खरी गंमत मांडणीच्या दुसऱ्या टोकाला होती. बंदरावरून निघालेले रूळ खिडकीखालून वळण घेत, ज्वारीच्या रानातून आणि एका पुलावरून जाऊन थांबायचे ते थेट देगलूर स्टेशनात. पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरात देगलूर, स्टेशनामागं लहानशी गल्ली, आणि गल्लीच्या टोकाला पंतांचं स्वतःचं घर, जसंच्या तसं, जिन्यासकट.

मला त्याचा नाद कधी लागला ते सांगता येणार नाही. दुपारी गिऱ्हाईक नसलं की पोराच्या हाती दुकान सोडून मी माडीवर जायचो. चहाचा चोथा वाळवला तर रेल्वेच्या कडेच्या मातीसारखा दिसतो, हे मी शोधलं. ट्यूबच्या चकत्या कापून त्यांचे टायर केले आणि बोट घासू नये म्हणून धक्क्याच्या कडेला सुतळीनं टांगले. तुरीच्या वाळक्या तुराट्यांचे खांब झाले. रेतीसाठी रांगोळी. क्रेनच्या गंजासाठी लाल ऑक्साइडात थोडी काजळी मिसळून स्पंजनं टिपायचं, ब्रशनं लावलं तर तो नवा रंग वाटतो, गंज वाटत नाही. समुद्रपक्ष्यांची शिट पाहिजे म्हणून आम्ही दोघं म्हातारे दात घासायच्या ब्रशनं पांढरा डिस्टेंपर छपरांवर उडवत बसलो होतो, तेव्हा माझी बायको नीलम्मा मला शोधत तिथं आली आणि म्हणाली, "अय्यो, घरी माठाखालचं शेवाळ घासायला सांगितलं तर कंबर दुखते म्हणता, आणि इथं पाखरांची घाण रंगवायला कंबर बरी चालते की हो."

पाणी आम्ही थराथरानं ओतलं. आधी तळाला गडद हिरवा, मग निळसर, मग नुसतं पारदर्शक. वाळलं तेव्हा ते काचेसारखं टणक झालं. टिचकी मारली की ठक्क वाजायचं. त्या पाण्यातून धक्क्याची भिंत उभी राहत होती, सरळ आणि सपाट, प्लॅस्टरची. मी स्वतः पॉलिश पेपरनं घासून गुळगुळीत केलेली.

पंतांच्या घराचं दारही मीच रंगवलं. त्यांच्या खऱ्या दाराचा हिरवा ऑइलपेंट माझ्याच दुकानातला होता, तळाशी उरलेला डबा शोधून काढला, त्यामुळं रंगात केसाचाही फरक नव्हता. पंत म्हणाले, "उघडतं दार करता येईल का?" मी म्हणालो, "सर, नखाएवढं दार. त्याला बिजागरी कुठली आणू? माझ्याकडची सगळ्यात लहान लावली तरी ती दारापेक्षा मोठी होईल." मग ते राहिलं. पुठ्ठ्याची सलग भिंत आणि तिच्यावर रंगवलेलं, कडीसकट, बंद दार. लांबून फार सुरेख दिसायचं.

"तपशील बरोबर पाहिजेत, वीरण्णा," ते मला नेहमी म्हणायचे. "एक जरी चुकला तरी त्याला वाटेल, आपण भलत्याच ठिकाणी आलो."

मी मान डोलावून हातातला ब्रश चालवत राहायचो. माणूस दुःखात काय काय बोलतो, त्याचा प्रत्येक वेळी अर्थ लावायचा नसतो.

पंतांच्या पत्नी विनीतावहिनी एकदा भर दुपारी दुकानात आल्या. माडीवर त्या कधी येत नसत. चहा खालून वरती पाठवायच्या, तोही जिन्याच्या अर्ध्या पायरीवर ठेवून. त्यांनी पंख्याखालची खुर्चीही घेतली नाही.

"भाऊजी, त्यांना सामान देणं बंद करा."

"वहिनी, मी नाही दिलं तर ते नांदेडहून आणतील."

"आणू द्या. तुमच्या हातानं नको." मग त्या म्हणाल्या, "लातूरहून माझे भाऊ येऊन गेले. ते म्हणतात पालाशविधी करून टाकू. किती दिवस त्याला असं टांगून ठेवायचं? मला रडायचंय हो. नीट, चारचौघींसारखं. घरात अजून त्याचं ताट मांडतात हे. मी ते रोज उचलून ठेवते, आणि रडता येत नाही, कारण रडले तर हे म्हणतात, कशाला रडतीस, यायलाय तो."

ज्याचा देह सापडत नाही त्याचा पळसाच्या पानांच्या देठांचा पुतळा करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात, आणि त्याला अग्नी देतात. त्यानंतर तो माणूस गेला. मग त्याचं श्राद्ध घालायचं, फोटोला हार घालायचा, आणि दारात त्याची वाट बघायची नाही. आमच्यात माणसाला जाळत नाहीत, मातीत बसवतात, त्यामुळं मला यातलं फारसं कळत नव्हतं. निदान कुणाला बसवलं हे आमच्यात ठाऊक असतं, एवढंच मनात आलं.

"सर काय म्हणतात?"

"म्हणतात, बंदर पुरं होऊ दे. मग करू." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. "तुम्ही सांगा भाऊजी. ते पुरं कधी होईल?"

 त्याच आठवड्यात धक्क्याच्या भिंतीवरचा डाग मी पहिल्यांदा पाहिला होता.

ओल हा माझा धंदा आहे. बाथरूममागची ओल, छतातून झिरपणारी ओल, पायातून वर चढणारी ओल, भिंतीवर पंजा ठेवला की मला कळतं. इस्लापुराकडच्या एका गिऱ्हाइकाच्या घरी मी नुसता वास घेऊन सांगितलं होतं की नळ फुटलाय तो शेजाऱ्याचा आहे, आणि ते दोघे शेजारी आजतागायत एकमेकांशी बोलत नाहीत. तर वैशाखात, माडीवरचे पत्रे तापून फुफाटा आलेला असताना, धक्क्याच्या त्या वीतभर उंच भिंतीवर, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, मला ओल दिसली. बोट लावलं तर गार. दुसऱ्या दिवशी तिथं पांढरी खार फुटली होती, जुन्या भिंतींना फुटते तशी. मी ती नखानं खरवडून जिभेला लावली. खारट होती. आता खार खारटच लागणार, असं मी स्वतःला म्हटलं, आणि वरून प्रायमरचा हात मारला.

डाग परत आला, पण त्याच जागी नाही. थोडा उजवीकडं. आणि या वेळी ओलीत ओरखडे होते. बारीक, उभे, पाच-पाचाच्या झुबक्यात. बोटभर वर गेलेले आणि तिथून खाली घसरलेले.

"पाल असंल, सर," मी म्हणालो. "माडीवर पाली लई."

पंत भिंग घेऊन वाकले होते. त्यांनी मान वर न करता म्हटलं, "पालीलाही पाचच बोटं असतात, बरोबर आहे." मग भिंग खाली ठेवून, "पण पाल वर चढते, वीरण्णा."

त्यानंतर आम्ही दोघांनी त्या भिंतीविषयी बोलणं टाळलं, आणि रोज दोघांनीही आल्या आल्या आधी तिच्याकडंच पाहिलं. ओरखडे भिंतीच्या एका टोकापासून सरकत निघाले होते. कोपऱ्यापर्यंत गेले, वळले, बोट जिथं बांधलेली होती तिथपर्यंत आले, तिथून परत फिरले. कुठंही ते बोटभर उंचीच्या वर गेले नाहीत. मी दर वेळी भिंत घासून नवी करायचो, कारण ओल आली की काय करायचं हे मला तेवढंच येतं, आणि नव्या रंगावर पुन्हा तेच. त्या पाण्यावर मी टिचकी मारून बघायचो. ठक्क.

पंतांचं म्हणणं, तपशील कमी पडतोय. त्यांनी धक्क्यावर दिवे लावले, खरे पेटणारे. गोदामाच्या दाराशी पोत्यांची थप्पी लावली, पोत्यांवर अक्षरं काढली. कॅमेऱ्याच्या चित्रात वरदच्या हातात होती तसली पिशवी करून ती रुळांच्या कडेला ठेवली, मग घाईघाईनं उचलून घेतली. सगळं वरच. सगळं फोटोत दिसतं ते. एकदा मी प्लॅस्टरच्या गोण्या उतरवत असताना ते माझ्या दुकानात येऊन नुसतेच उभे राहिले. वाळून काठी झाले होते. म्हणाले, "काहीतरी राहिलंय, वीरण्णा. तो इथपर्यंत आलाय, आणि काहीतरी मी ठेवायचं विसरलोय."

"सर, वहिनींचं ऐका," मी म्हणालो. "त्या जेवत नाहीत."

त्यांनी गोणीवर सांडलेली पूड बोटानं पुसली. मग म्हणाले, "रविवारी नांदेडला जातोय. घाटावर. तिला शब्द दिला."

त्याच रविवारी मी समुद्रावर होतो. रंगाची कंपनी दरवर्षी चांगला माल उचलणाऱ्या दुकानदारांना जोडीनं फिरायला नेते. या वर्षी मालवणच्या बाजूला नेलं. सगळ्यांना एकाच रंगाच्या टोप्या दिल्या होत्या आणि त्या घालून आम्ही शाळेच्या सहलीसारखे किनाऱ्यानं हिंडत होतो. नीलम्मानं आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला, बराच वेळ पाहिला, आणि म्हणाली, "एवढं पाणी, अन् प्यायला घोटभर न्हाई. आपली लेंडी नदी बरी हो." मीही पहिल्यांदाच पाहत होतो, पण तिला तसं सांगितलं नाही. दुपारी आम्हाला होडीत बसवायला एका धक्क्यावर नेलं. मी कडेला उभा राहून खाली वाकलो. टायर होते, सुतळीच्या जागी मनगटाएवढे दोर होते, गंज होता. आपण केलेला गंज बरोबर होता, असं वाटून मी मनात खूशही झालो.

आणि मग भिंतीत रोवलेल्या लोखंडी कांबी दिसल्या. एकाखाली एक, जिन्यासारख्या, पाण्यात उतरत गेलेल्या. थोडं अंतर सोडून पुन्हा तसल्याच. आणि पुढं पुन्हा.

"या शिड्या कशाला?" मी होडीवाल्याला विचारलं.

तो दोर सोडवत होता. त्याला माझ्या प्रश्नाचं हसू आलं असावं. "शेट, कोण पाण्यात पडलो तर वर कसो येतलो? भिंत बघा कशी आसा ती. शिडी नाय तर माणूस भिंतीक हात लावत नुसतो फिरत रवतलो. दमेपर्यंत."

आमच्याकडं विहिरीला पायऱ्या असतात. नदीला घाट असतो. पाण्यातून वर यायला वाट असतेच, ती कुणी मुद्दाम करतं, हे आमच्या कधी डोक्यात येत नाही. भूगोलाच्या पुस्तकात शिडी नसते. आणि वरून काढलेल्या फोटोत भिंतीचं तोंड दिसत नाही.

"काय झालं?" नीलम्मा म्हणाली. "ऊन लागलं का? टोपी घाला ती."

मी पंतांना फोन लावला. वाजत राहिला. घाटावर असणार, माझ्या ध्यानात आलं. आम्ही होडीत बसलो नाही.

परत आलो तो त्यांच्याकडं भेटायला गेलो. सुतकाच्या घरी जातात तसं, चपला दूर काढून, न बोलता जाऊन बसलो. खाली चटईवर पंत भिंतीला टेकून बसले होते. डोकं तासलेलं, त्यामुळं ते एकदम कुणी दुसरेच वाटले. भिंतीवर वरदचा फोटो होता आणि त्याला हार. आतून बायकांचा आवाज येत होता, त्यात विनीतावहिनींचं रडणं वेगळं ओळखू येत होतं. मोठ्यानं, सुटं, वर्षानुवर्षं दाबून ठेवलेलं. मला वाटलं, चला, या बाईला निदान एवढं तरी मिळालं.

"नारळाला डोळे असतात," पंत म्हणाले. माझ्याकडं न बघता. "त्यांनी डोळ्यांची बाजू वर केली होती." मग, "पेटायला वेळ लागला. गुरुजी म्हणाले, पळस ओला आहे. एवढ्या उन्हाळ्यात ओला कसा असेल हो?"

मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. माझ्या खिशात रुमालात गुंडाळलेली शिडी होती. गवंडी सळया बांधायला वापरतात ती तार वाकवून, कथलाचा डाग देऊन जोडून मी ती सकाळी दुकानातच केली होती, लाल ऑक्साइड लावून, खालच्या अर्ध्या भागाला शेवाळाचा हिरवा. ती का केली, हे मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. विधी होऊन गेला होता. वहिनी रडत होत्या. सगळं जिथल्या तिथं लागलं होतं. पण काम अर्धवट सोडायची मला सवय नाही, असं मी मनाशी म्हणत होतो.

माडीला कुलूप होतं. वहिनी पाणी घेऊन बाहेर आल्या तेव्हा मी हळूच किल्ली मागितली. त्यांचे डोळे सुजले होते, पण चेहरा मोकळा झाला होता, ताप उतरलेल्या माणसाचा होतो तसा.

"आता कशाला, भाऊजी? संपलं ते."

"एक बारीक गोष्ट राहिली होती. लावतो आणि उतरतो."

"कसली?"

मी रुमाल उघडून दाखवला. "धक्क्याला शिडी असते, वहिनी. पाण्यातून वर यायला. आम्हाला ठाऊकच नव्हतं."

त्या त्या तारेकडं बघत राहिल्या. माडीवर त्या जात नसत, भिंतीवरचे ओरखडे त्यांनी पाहिलेत असं मला कधी वाटलं नव्हतं. पण पंत झोपेत बोलत असतील, किंवा मी नसताना त्या एकट्या वर जात असतील. त्यांनी हातातलं तांब्याभांडं खाली ठेवलं.

"शिडी नव्हती?" त्या म्हणाल्या. "म्हणजे एवढे दिवस तो..."

 त्यांनी कमरेची किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली.

मी वर गेलो. भिंत जिथं शेवटची ओली दिसली त्या जागेशी शिडी धरली, गोंद लावला, चिकटेपर्यंत बोटानं दाबून ठेवली. भिंत गार होती. इंजिन बंदरावरच्या फलाटाशी उभं होतं, सुतक सुरू झाल्यापासून विजेची पिन काढून ठेवलेली. मी खाली आलो, किल्ली दिली, आणि घरी जाऊन अंघोळ केली.

दुसऱ्या दिवशी मी दुकानाचं शटर वर करतोय तोच वहिनी समोर उभ्या. सुतकातली बाई बाजारात येत नाही. शेजारचा वाणी बघत होता. त्या एवढंच म्हणाल्या, "जरा चला."

घराचं दार सताड उघडं होतं. पंत चटईवर झोपले होते, भिंतीकडं तोंड करून, आणि बऱ्याच दिवसांनी त्यांना झोप लागली होती, हे त्यांच्या श्वासावरून कळत होतं. आम्ही पाय न वाजवता माडी चढलो. या वेळी वहिनी पुढं होत्या.

भिंत कोरडी होती. नवीन ओरखडा एकही नव्हता. शिडीची प्रत्येक कांब मात्र ओली होती, खालच्यापासून वरच्यापर्यंत. शिडीच्या वरच्या टोकापाशी, धक्क्यावरच्या रांगोळीच्या रेतीत, तिळाएवढे ओले ठिपके सुरू झाले होते. एक इकडं, एक तिकडं, थकल्या माणसाचे पडतात तसे वाकडेतिकडे. ते पोत्यांच्या थप्पीशी थांबलेले दिसत होते, तिथं ओल जरा मोठी होती, कुणी टेकून बसल्यासारखी. तिथून फलाटापर्यंत. फलाटावर गाडी नव्हती. वहिनींनी पिन दाखवली, ती काढलेलीच होती, वायर गुंडाळलेली. गाडी मांडणीच्या पार दुसऱ्या टोकाला, देगलूर लिहिलेल्या पाटीखाली उभी होती.

आम्ही खिडकीखालून, ज्वारीच्या रानाच्या कडेनं, त्या टोकाला गेलो. प्रवाशांच्या डब्यापासून ठिपके पुन्हा निघाले होते. स्टेशनातून गल्लीत, गल्लीतून घरासमोर, तीन पायऱ्या चढून दारापर्यंत. दारापुढं ते एवढे दाट झाले होते की पुठ्ठा फुगून वर आला होता. आणि मी रंगवलेल्या त्या हिरव्या दारावर, कडीच्या जरा वर, पाच-पाचाच्या झुबक्यात बारीक उभे ओरखडे होते. घाईचे नव्हते. एकाशेजारी एक, एकाशेजारी एक, कुणी बराच वेळ हळूहळू वाजवत उभं राहावं तसे.

खालून वरदच्या फोटोपुढच्या उदबत्तीचा वास येत होता. वहिनींनी वाकून दाराजवळ कान नेला, आणि त्या सरळ झाल्या. त्या रडत नव्हत्या.

"खालचं दार मी पहाटेपासून उघडं ठेवलंय," त्या म्हणाल्या. "त्याचा उपयोग नाही." मग पंतांची झोप मोडू नये म्हणून आवाज अगदी खाली आणून त्यांनी मला विचारलं, "भाऊजी, तुमच्याकडं सगळ्यात लहान बिजागरी केवढी मिळते?"